छतातले भासरे

आमच्या घरात तीन कॅमेरे आहेत. एक फाटकावर, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात. मेहकरातल्या सोन्याच्या दुकानातसुद्धा एवढे नसतील, असं मी एकदा पुटपुटले, तर छतातून हसण्याचा आवाज आला. कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय आहे.

हे, म्हणजे माझे यजमान, टांझानियातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवतात. जाताना म्हणाले होते, दोन वर्षं काढतो आणि परत येतो. त्या दोन वर्षांच्या भरवशावर मी हो म्हटलं. ते गेले आणि काही महिन्यांतच सासूबाई ओट्यावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण तिकडे यांचा जीव थाऱ्यावर राहिना. बुलढाण्याहून माणूस पाठवून त्यांनी कॅमेरे बसवून घेतले.

सासूबाईंना तर मुलगाच घरी आल्यासारखं झालं. धुतलेलं लुगडं नेसून त्या बैठकीतल्या कॅमेऱ्यासमोर बसतात. जेवताना ताट उचलून दाखवतात, "पाह्य बापू, मेथी केली हाय आज."

माझं मात्र सगळं उलटं झालं. दूध गॅसवर ठेवून अंगणात गेले की छत हाक मारतं, "अवं, दूध उतू जाऊन राह्यलं." भाजीत तेल सोडताना हात आखडतो. पाच मिनिटं नुसती भिंतीकडे पाहत बसले, तरी विचारणा होते. लाईट गेली की मला मोकळं वाटायचं. माहेरी मोताळ्यात लाईट गेली की आम्ही शिव्या घालायचो, इथे मी मनातल्या मनात हात जोडायचे. मग यांनी पैसे पाठवून इन्व्हर्टर बसवला.

माझी चुलत जाऊ दोन घरं सोडून राहते. तुरीच्या दिवसांत ती आणि शेजारच्या दोघीजणी दुपारी आमच्या बैठकीत शेंगा सोलायला यायच्या. सोले वाटीभर व्हायचे आणि गप्पा पोतंभर. कॅमेरा लागल्यावर जाऊ पहिल्यांदा आली ती उंबऱ्यातच थबकली. तिने वर पाहिलं आणि झटकन डोक्यावर पदर घेतला. हे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही की मोठ्याने बोलत नाही. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसली.

"अवं, ते शाळेत हायेत आता," मी म्हणाले.

"मधली सुट्टी झाली असंल तं?"

तेव्हा मी पोट धरून हसले. पण ती पुन्हा शेंगा सोलायला आली नाही. तिच्यामागे त्या दोघीही यायच्या थांबल्या. यांनी कुणाला येऊ नका म्हटलेलं नव्हतं. सोलायला मी एकटीच उरले, आणि एकटीने किती सोलणार? तुरी टोपलीत वाळून गेल्या.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. खुर्चीवर चढून मी बैठकीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. सासूबाई आतून आल्या, वर पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "माह्या जित्त्या पोराच्या तोंडावर फडकं काऊन टाकलं वं?" त्यांच्या आवाजाने मला धडकीच भरली. मी टॉवेल ओढून काढला.

दिवेलागणीला मी यांना म्हणाले, निदान स्वयंपाकघरातला तरी काढा.

ते म्हणाले, "शाळेतून आल्यावर इथं माह्याशी बोलाले कोणी नसते. तू भाकरी थापते, ते समोर लावूनच मी जेवतो. ते बंद झालं तं घास उतरणार नाही मले."

आता यावर काय भांडायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच आला. त्या दिवसापासून माझ्या भाकऱ्या मात्र जरा जास्तच गोल व्हायला लागल्या.

दोन वर्षं संपत आली. मी त्यांच्या कपड्यांचं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. आणि एके सकाळी छतातून बातमी आली. शाळेने आणखी तीन वर्षं मागितली होती, पगार वाढवून दिला होता, यांनी सही करून टाकली होती. "आईच्या औषधपाण्याले कामी येईन," ते म्हणाले. सासूबाईंनी कॅमेऱ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. मी म्हणाले, "बरं झालं." माझा चेहरा त्यांना दिसत होता ना.

बरं झालं नव्हतं. मला हंबरडा फोडून रडायचं होतं. तीन खोल्यांचं घर. दोन खोल्यांत हे, तिसरीत सासूबाईंचा पलंग. फाटकाबाहेर गेले तर कुठे निघाली म्हणून विचारतील. मी ते रडणं दिवसभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत तसंच सांभाळलं.

दुसऱ्या दुपारी जाऊ कोथिंबीर मागायला मागच्या दाराशी आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं मनगट धरलं, परसातल्या न्हाणीत नेलं, आतून कडी लावली आणि नळ सोडला. मला पालथ्या बादलीवर बसवलं.

"रडून घ्या, जाऊबाई. इथं कोणी पाहत नाही."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. यांना शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या, त्या टांझानियालाही दिल्या. तिने एकदाही "असं बोलू नये" म्हटलं नाही. दोन वर्षांत मी इतकं बोललेच नव्हते.

तोंड धुऊन मी स्वयंपाकघरात आले.

"कुठं होती वं एवढा वेळ?" छत बोललं. तिकडे मधली सुट्टी असावी, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "डोळे काऊन लाल झाले?"

"पोट दुखून राह्यलं."

"मंग ओवा खाय चिमूटभर. आत्ता खाय, माह्यासमोर. नाहीतं विसरशीन."

मी डबा काढला. चिमूटभर ओवा तळहातावर घेतला, वर करून दाखवला आणि तोंडात टाकला.

"चावून खाय," ते मायेने म्हणाले.

मी चावून खाल्ला.