ट्रॅकच्या आड आलेली पंक्चरची टपरी

"रविवारचं सांगू नका मॅडम. सोमवारी सकाळी या रस्त्यावर सायकल कोण चालवतं, ते सांगा."

एवढं म्हणून साहेबांनी निवेदन टेबलावर ठेवून दिलं. मीनाअक्का गप्प झाल्या. चाळीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवणारी बाई गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

मीनाअक्का म्हणजे देवपुरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय अडुसष्ट. भाजी, बँक, दवाखाना, सगळीकडे सायकलनेच जायच्या. धुळ्यात रोजच्या कामाला लोकांनी सायकल वापरावी म्हणून त्यांनी गट काढला होता. रविवारी रॅली व्हायची. डॉक्टर मंडळी हेल्मेट घालून यायची, फोटो काढायची आणि सोमवारी कारने दवाखान्यात जायची. अक्कांची मागणी एकच होती, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला सायकल ट्रॅक हवा. त्या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झालं होतं आणि ज्या कन्सल्टंटकडे त्याचं डिझाइन होतं, त्यांच्याकडे मी सर्व्हेअर होतो. मीटिंगला मी टेप आणि फाइल घेऊन कोपऱ्यात बसलेलो. रस्ता ज्यांचा ते सरकारी ऑफिस कोणतं, तिथले साहेब कोण, हे सांगत नाही. या गोष्टीत त्यांच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे.

बाहेर आल्यावर अक्का माझ्यावरच घसरल्या.

"देवरे, तुम्ही आत तोंड का उघडलं नाही? रस्ता तुम्हाला पाठ आहे."

"अक्का, साहेबांचं बरोबर आहे. रॅलीतल्या लोकांना ट्रॅक नको आहे, फोटो पाहिजे. ज्यांना ट्रॅक पाहिजे ते रॅलीत येत नाहीत. ते कुठे भेटतात ते दाखवतो, चला."

मी त्यांना रज्जाकभाईंकडे घेऊन गेलो.

त्याच रस्त्यावर, यंत्रमागाच्या शेडकडे वळायच्या आधी, लिंबाखाली रज्जाकभाईंची पंक्चरची टपरी होती. चार पत्रे, एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि साखळीने बांधलेला पंप. पहाटे पाचला उघडायची, कारण लूमची पाळी सहाला सुरू होते. माणूस पासष्टीचा, तोंडाने तिखट. घरात हिंदी बोलायचे, गिऱ्हाइकांशी अहिराणी. माणसांची नावं त्यांना आठवत नसत, सायकली आठवत. मागच्या चाकाची कटोरी ढिली म्हणजे लूमवाला. कॅरिअरला डबा बांधलेला म्हणजे हमाल. सीट खाली केलेली म्हणजे कॉलनीत धुणीभांडी करणारी बाई.

अक्कांनी ट्रॅकचं सांगितलं. ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिले.

"पट्टा करीसन काय व्हई? त्यावर गाड्या लावतीन लोके."

"नाही लावू देणार. पण आधी रोज चालवणारे किती आहेत ते दाखवावं लागेल. तुमच्याकडे येतात ना?"

"बठ्ठा आठेच येतस हवा भराले. कोठे जातीन?" म्हणजे सगळे इथेच. मग ट्यूब बाहेर काढून ते म्हणाले, "वही ठी जा. सह्या मी दिसू, पट्टा तुमी द्या." सह्या गोळा करून द्यायचं त्यांनी कबूल केलं.

अक्कांनी शंभर पानी वही आणून दिली. रज्जाकभाईंनी ती सुतळीने पंपाला बांधली. हवा भरायची तर आधी सही करायची, असा कायदा काढला. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा, सोल्युशनने बरबटलेल्या हातानेच. एकाने "कशाला" विचारलं, तर पंप काढून घेतला आणि म्हणाले, "मंग तोंडघाई भर हवा." तोंडाने भर, म्हणजे. दोन महिन्यांत तीन वह्या भरल्या. सह्या, अंगठे, काळे डाग, कुठून कुठे जातो, किती वाजता, हे लिहिता येणाऱ्या गिऱ्हाइकांनी लिहिलेलं. सर्व्हेच्या धंद्यात तीस वर्षं काढली, पण इतका चांगला डेटा मला कोणी दिला नाही.

अक्काही बदलल्या. रॅल्या बंद करून त्या सकाळी टपरीवर येऊन बसू लागल्या. तिथे त्यांना कळलं की ज्या बायका सायकलवर असतात त्या ट्रकच्या भीतीने कडेच्या मातीतून जातात आणि पावसाळ्यात चिखलात पडतात. धुणीभांडी करणारी शोभाबाई दोनदा पडली होती. तिने अक्कांना सांगितलं, "ताई, माले फक्त हातभर जागा पाहिजे, डांबरावर." हे वाक्य अक्कांनी जसंच्या तसं निवेदनात घातलं. वह्या साहेबांसमोर ठेवल्या. या वेळी त्यांनी पानं उलटली. थोडा वेळ अंगठे बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. डिझाइनमध्ये घेऊ."

त्या दिवशी टपरीवर जिलेबी वाटली. रज्जाकभाईंनी मला दोन कडी जास्त दिली. खरंच सांगतो, नोकरीत मला एवढा आनंद क्वचित झाला असेल.

मग माझं काम सुरू झालं. रस्ता रुंद करायचा तर आधी तो जसा आहे तसा कागदावर उतरवावा लागतो. त्या लांबच लांब नकाशाला आम्ही स्ट्रिप प्लॅन म्हणतो. खांब, झाड, गटार, घराचा कोपरा, सगळं त्यात येतं. कडेला ज्या टपऱ्या असतात त्यांना नाव नसतं. टी.एस. लिहायचं, म्हणजे टेम्पररी स्ट्रक्चर, आणि पुढे नंबर. त्यासोबत एक तक्ता जातो. त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. टपरी ठेवायची असेल तर "ठेवणे", सरकवायची असेल तर "हलवणे" लिहायचं, सोबत कारण आणि साहेबांची सही. काहीच लिहिलं नाही तर ती काढायची, असा अर्थ होतो. हा नियम कुठे छापलेला नाही. पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. टपरीवाल्याला मात्र नसतो.

टेप धरून मी टपरीपाशी पोचलो तेव्हा रज्जाकभाईंनी विचारलं, "मन्ही टपरी राही ना साहेब?"

"राहील. दोन हात मागे घेऊ फार तर. ट्रॅकला लागूनच बसाल तुम्ही, अजून काय पाहिजे?"

ते हसले आणि माझ्या माणसाऐवजी टेपचं दुसरं टोक स्वतः धरून उभे राहिले. स्वतःच्याच टपरीचं माप त्यांनी मला काढून दिलं. टी.एस. सतरा.

शीट द्यायच्या दिवशी पाच वाजता आमच्या ऑफिसातून ड्रॉइंग करणाऱ्या पूजा मॅडमचा फोन आला.

"सर, एक्केचाळीस टी.एस. आहेत. शेरे सगळे रिकामे. काढायच्या सगळ्या?"

"एकाला 'ठेवणे' लिहायचं असेल तर?"

"तर कारण द्या आणि साहेबांची सही आणा. पण सर, बाकीचे चाळीस विचारतील. आणि शीट आजच जायची आहे."

त्याच आठवड्यात साहेबांनी मला दुसऱ्या एका कामावरून सगळ्यांदेखत झापलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एका पंक्चरवाल्यासाठी सही मागायची, ते डोळे वर करून बघणार, मग मी समजावत बसणार. मला ते नको होतं. पुढे काम सुरू होईल तेव्हा जागेवर सांगून टाकू, असं मनाशी म्हणालो.

"राहू द्या," मी म्हटलं. "पाठवा शीट."

जागेवर सांगायची वेळ आली तेव्हा जागेवर जेसीबी उभा होता. ठेकेदाराचा सुपरवायझर अडाणी नव्हता, वाईटही नव्हता. त्याने माझ्यासमोर ड्रॉइंग उघडलं आणि टी.एस. सतरावर बोट ठेवलं. "सर, काढायची आहे. तुमचंच ड्रॉइंग आहे." मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता बाकीच्या सोळा काढून झाल्यावर सतरावी कशी ठेवू?" त्यांचंही खरं होतं.

रज्जाकभाईंनी घमेलं, पेटी आणि पंप उचलून लिंबाच्या बुंध्याशी ठेवला. माझ्याजवळ येऊन त्यांनी ड्रॉइंग बघितलं. वाचता येत नव्हतं, पण खालची सही ओळखली, कारण माझी सही त्यांच्या वहीत पहिली होती.

"तुमनाच कागद शे ना हाऊ?"

"हो. विसरलो भाऊ. शेरा लिहायचा राहून गेला."

ते पत्रे सोडवायला गेले. अक्का मला जे म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्कांनी नंतर चार महिने ऑफिसचे उंबरे झिजवून रज्जाकभाईंना पर्यायी गाळा मिळवून दिला. गाळा पक्का, शटरवाला, पण भाजीबाजाराच्या मागे. सायकलींचा रस्ता कोसभर लांब राहिला. रज्जाकभाई तिथे पहाटे पाचला शटर उघडून बसायचे. समोर गवार उतरवणारे टेम्पो.

ट्रॅक छान झाला. लाल रंग, पांढरे पट्टे, फीत कापली, डॉक्टर मंडळी हेल्मेट घालून आली. पण पहाटे हवा कुठे भरायची? आधी वाटेत ट्यूब गेली तर दहा मिनिटांत निघता यायचं. आता सायकल हातात धरून अर्धा तास चालायचं आणि पाळी चुकवायची. एकेकाने सायकल भिंतीला टेकवून ठेवली. कोणी शेअर रिक्षा धरली, कोणी जुनी मोटारसायकल घेतली. शोभाबाईने लांबची दोन घरं सोडली. मोकळा ट्रॅक बघून कार उभ्या राहू लागल्या. अक्का सकाळी जाऊन काचेवर चिठ्ठ्या लावायच्या. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि त्यांची स्वतःची सायकलही सुटली.

पुढच्या टप्प्याचा ट्रॅक देवपुरापर्यंत न्यायचा होता. त्याआधी पहिल्याचा वापर मोजायचा ठरलं आणि ते काम माझ्याकडेच आलं. सोमवारी सकाळी पाचपासून मी कागद घेऊन उभा राहिलो. सायकलींपुढच्या रेघा एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या. तेवढ्याच लिहिल्या, खोटं लिहिलं नाही. त्या कागदावर साहेबांचा शेरा आला: मागणी नाही, पुढचा टप्पा रद्द. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

मागच्या वर्षी केळीच्या भागातल्या एका रस्त्याच्या कामाला जळगावला गेलो होतो. रज्जाकभाई गाळा सोडून तिथे पुतण्याच्या मोटारसायकल गॅरेजवर आलेत, असं कळलं म्हणून शोधत गेलो. गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून ते गाड्यांच्या चाकात हवा भरत होते, कॉम्प्रेसरच्या नळीने. पंप चालवायची गरज नव्हती. मला बघून त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, चहा सांगितला. अक्कांच्या गुडघ्याची चौकशी केली. शोभाबाईचं विचारलं, म्हणजे तिच्या सायकलचं.

चहा संपल्यावर मी सांगितलं. दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो की शेरा लिहायला विसरलो. विसरलो नव्हतो. साहेबांच्या केबिनमध्ये जायची लाज वाटली, भीती वाटली, म्हणून रकाना रिकामा सोडला.

रज्जाकभाईंनी नळी खाली ठेवली.

"माले माहीत व्हतं साहेब," ते म्हणाले. "तुमी विसरनारा नही शेतस. लिंबना बुंधाबी तुमी दोनदाव मोजा व्हता."

गिऱ्हाईक आलं, ते उठून गेले. मी बसस्टँडकडे चालत निघालो.

आता माझ्या हाताखाली नवे इंजिनिअर येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की कडेला बसलेल्या माणसाला नंबर द्यायच्या आधी एक सकाळ तिथे थांबा, त्याच्याकडे कोण येतं ते बघा आणि साहेबांकडे जायचं असेल तर त्याच दिवशी जा. ते मान डोलावतात. शीट त्यांनाही पाच वाजता द्यायची असते.