नाव वाचल्याशिवाय भांडं मोडीत नाही

मंडळी, आत्ताच कामावरून आलो. चहा निवून गेला, पण आधी हे लिहून टाकतो.

अकोल्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या कारखान्यात मी मशीन चालवतो. आमच्याकडे नवीन रोबोट आलाय. पट्ट्यावरून भंगार सरकतं आणि त्याचा हात तांबं, पितळ, लोखंड वेगवेगळं करतो. आज तो बघायला बाबांना नेलं. बाबांनी दर्यापुरात उभा जन्म हातगाडीवर भंगार घेतलं. भांडं फरशीवर आपटून नुसत्या आवाजावरून धातू सांगायचे.

आजही रोबोटच्या आधी तेच ओरडत होते, "पितळ! तांबं! पितळ!" मला हसू आवरेना.

तेवढ्यात काठाखाली नाव कोरलेला एक पितळी गडवा आला.

"थांबव रे, थांबव!" बाबा ओरडले.

मी बटण दाबेपर्यंत रोबोटनं तो ढिगात टाकला होता. मग मला लहानपणी बाबांच्या हातगाडीमागं फिरायचो ते दिवस आठवले. भांड्यावरचं नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय बाबा ते मोडीत घेतच नसत. ते नाव कानावर पडलं की एखादी बाई भांडं परत ओढायची. "राहू द्या भाऊ, आमच्या सासूबाईचं आये ते." धंदा बुडायचा आणि बाबा खुशीत पुढच्या दारी जायचे.

"काय नाव होतं, बाबा?" मी विचारलं.

"मले वाचू कुठं देल्लं त्यानं?"

ते नाव तिथंच ढिगात राहिलं. तुमच्या घरच्या जुन्या भांड्यावर कोणाचं नाव आहे? खाली लिहा. फोन बाबांच्याच हातात देतो. वाचतील ते, मोठ्यानं.