सहा वाजताचं हवामान

ऑर्व्हल ट्वाइट हा माझा चाळीस वर्षांपासूनचा शेजारी. विस्कॉन्सिनच्या आमच्या टेकड्यांत केबल कधी आलीच नाही आणि इंटरनेटला गोगलगायही हसेल, त्यामुळे छपरावर अँटेना सगळ्यांच्याच. पण ऑर्व्हलइतकी माया कुणी त्याच्यावर केली नाही. म्हणायचा, हवेतून येतं, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

कारण वेगळंच होतं. त्याची मुलगी मार्ना साठ मैलांवरच्या स्टेशनवर रोज संध्याकाळी सहाला हवामान सांगायची. सात वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला ती बर्फात अडकून उशिरा पोहोचली, तर हा चर्चमध्ये चारचौघांत म्हणाला, "जगाला हवामान सांगतेस आणि स्वतःला रस्ता कळला नाही?" जिभेला हाड नाही मेल्याच्या. ती अंगातला कोटही न काढता परत गेली. तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही. हा मात्र सहाच्या ठोक्याला खुर्चीत. आपला बाप आपल्याला रोज बघतो हे तिला ठाऊकही नव्हतं.

या मार्चमध्ये स्टेशनने आपली प्रक्षेपणाची लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बदलायची ठरवली. महिनाभर मार्नाच पडद्यावरून सांगत होती की शुक्रवारी सकाळी बटण दाबून चॅनेल पुन्हा शोधा. योगायोग असा की तो शुक्रवार तिचाही शेवटचा दिवस. ती ॲरिझोनाला निघाली होती. नवी लहर टेकडी ओलांडणार नाही, मोठा अँटेना आण, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. ऐकेल तर शपथ.

शुक्रवारी उजाडताच त्याने बटण दाबलं. टीव्हीने चॅनेलची जुनी यादी पुसली आणि नवीन केली. मार्नाचं स्टेशन त्या यादीत नव्हतं.

मी तणतणत गेले. तो रिमोट मांडीवर घेऊन बसला होता.

"सात वर्षांत तिने पहिल्यांदा मला काही करायला सांगितलं, डॉटी. अँटेना बदला असं नव्हती म्हणाली."

मी म्हटलं, गावातल्या बारमध्ये डिश आहे, संध्याकाळी गाडीतून नेते. त्याने नकारार्थी मान हलवली. "लोक तिला नाही बघणार. मला बघतील."

त्याच्या कमरेत लोखंडी सांधा, म्हणून दुपारी बासष्टाव्या वर्षी मी छपरावर चढले. ओला बर्फ पडत होता. मी अँटेना बोटभर फिरवायची, तो आत बटण दाबायचा, पाच मिनिटं थांबायचं, काही नाही. जुन्या टीव्हीत निदान मुंग्यांमधून तरी चेहरा दिसायचा. हे नवं चित्र म्हणजे आलं तर आरशासारखं लख्ख, नाही तर काळं.

सहाला दोन मिनिटं होती तेव्हा त्याने आतून खिडकी वाजवली. "तिथेच! हलू नकोस."

मी दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बोटं बधिर झाली. आतून आवाज काही येईना. रडू आलं मला, रागानेच. उतरले तेव्हा साडेसहा झाले होते.

चित्र आलं होतं, चौकटी चौकटी होऊन. आवाज अजिबात नव्हता. अर्ध्या तासाच्या बातम्यांत ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा त्याने तिला नुसतं बोलताना पाहिलं होतं.

"शेवटी तिने सरळ माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "आणि काहीतरी म्हणाली. ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले." तो माझ्याकडे बघत राहिला. "लहानपणी मला पापा म्हणायची ती. तेच म्हणाली ना?"

मी म्हटलं, तेच असणार, दुसरं काय.

घरी आले, हात शेकले आणि आरशासमोर उभी राहून दोन्ही म्हणून पाहिलं. पापा. बाय-बाय. ओठ अगदी सारखेच हलतात.