डोंगरीवरची हाक

कमळाबाईंनी लुगड्याचा पदर कमरेला खोचला, तेव्हाच घरातल्यांना कळलं की म्हातारी आज कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

सुकापूरच्या मागच्या अंगाला, डोंगरीच्या पायथ्याशी त्यांचं घर. नातू केतनचं नुकतंच लग्न झालेलं. नवी नातसून हेतल पळस्प्याची. दुपारी तिचा भाऊ तिला पहिल्यांदा माहेरी न्यायला येणार होता, आणि त्याच्या आत तिला डोंगरीवर नेऊन माहेर दाखवायचं, ही या पाड्याची रीत. सासूनं सुनेला माथ्यावर उभं करायचं, तिचं गाव बोटानं दाखवायचं. सुनेनं तिकडे तोंड करून आईला जोरात हाक मारायची. आणि खाली पाड्यातल्या बायांनी त्या हाकेला ओ द्यायची.

पण डोंगरीच्या तोंडाशी आता फाटक होतं. पायथ्याची शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, आणि टॉवरवाल्यांनी जुन्या पायवाटेला सिमेंटच्या पायऱ्या घालून तिचा 'नेचर ट्रेल' केला. आत जायचं तर सोसायटीचं कार्ड पाहिजे. पाड्यातल्या मागच्या दोन सुना फाटकावरूनच परत आल्या होत्या, हात हलवत.

"मी नाय येनार," केतनची आई सुनीता म्हणाली. रीतीप्रमाणे मान तिचा होता. "चारचौघांत कोन अपमान करून घेल? रोज व्हिडिओ कॉल करते ती आईला. दिसतं की माहेर."

"तू बस घरात मूग गिळून. मी नेते."

"आई, जमीन आपनच इकली ना!"

हे मात्र खरं होतं, आणि तेच कमळाबाईंना सलत होतं. नवऱ्यानं, शिवानं, शेत विकलं तेव्हा सगळा पाडा ओटीवर बसला होता. दर ठरला, पेढे वाटले, गाडी कुठली घ्यायची यावर रात्रभर चर्चा झाली. वाट राखून ठेवायची हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाट ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे? आजोबा-पणजोबांपासून माणसं चालत आली, उद्याही चालणार. इतके व्यवहारी लोक, इंचाइंचासाठी भाऊबंदकी करणारे, आणि इथे सगळे शुद्ध बावळट ठरले. त्यात आपणही होतो, हे कमळाबाई विसरल्या नव्हत्या.

हेतल मुकाट्यानं मागून निघाली. हिरव्या चुड्याचे हात, अंगावर साडी आणि पायात स्पोर्ट शूज. पनवेलला लॅबमध्ये नोकरी करणारी पोरगी. ती मनात हसत असेल का, अशी शंका म्हातारीला येत होती. हसली तर हसली.

फाटकावर रामू वॉचमन होता. "आजी, कार्ड?"

"हे काय तोंड. बग नीट."

तेवढ्यात सेक्रेटरी चारुदत्त सकाळचं चालणं आटपून घाम पुसत आले. बोलणं मऊ, पण जागचे हलणार नाहीत असे गृहस्थ. "आजी, हे प्रायव्हेट आहे. एकाला सोडलं की सगळे येतात. आणि जमीन तुम्हीच विकलीत ना?"

कमळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शेत इकलं. चालायचं कवा इकलं? सांग ना, त्याचं पैसं कुनी दिलं?"

"मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव! त्यांना सांग, म्हातारी नातसुनेला घेऊन डोंगरीवर चाललीय. धावत या म्हनावं, नायतर वर पोचंल."

आणि एवढं बोलून त्या आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडे गेल्यासुद्धा! रामूनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. म्हाताऱ्या बाईला धरणार कोण? त्यांच्यामागून, साडी सावरत, हेतलही वाकून गेली.

पायऱ्या चढताना कमळाबाईंचा श्वास भरून आला, पण तोंड थांबलं नाही. बाकं, कठडे, फुलझाडं, आणि 'शहराचे विहंगम दृश्य' असं लिहून वर बाण! "आता डोळं कुटं फिरवायचं ते बी पाटीला इचारायचं," त्या म्हणाल्या. हेतल पहिल्यांदा हसली.

"आजी, पण हाक कशाला मारायची? आईला थोडीच ऐकू जाणार आहे?"

कमळाबाई एका बाकावर टेकल्या.

"मी बी हेच इचारलं होतं. माजी सासू लय खाष्ट. पन तिनंच मला वर आनलं नि बोलली, मोठ्यानं मार. आईला नाय जात, गावाला जाते. उद्या माज्या पोरानं तुज्यावर हात उचलला, तर गावाला तुजा आवाज ठावा पायजे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "उचलला बाय त्यानं, एकदा. मी अंगनातून हाक मारली. आख्खी आळी धावली. परत नाय उचलला."

 हेतलनं आजींचा हात धरला आणि पुढची चढण दोघी तशाच चढल्या.

माथ्यावर कठड्याशी चार माणसं मोबाईलवर फोटो काढत होती. समोर सगळं पनवेल पसरलेलं. रेल्वेचे रूळ, गाढी नदीचं वळण, दूर कर्नाळ्याचा सुळका. पण पळस्प्याच्या बाजूला नेमका एक टॉवर आडवा. कमळाबाईंनी इकडून वाकून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग सरळ कठड्याच्या फटीतून पलीकडे गेल्या, जुन्या काळ्या खडकावर. तिथून टॉवर बाजूला सरला. हायवेचा फाटा दिसला, पुलावरून सरकणारे ट्रक दिसले.

"तो बग पूल. त्याच्या डाव्या अंगाला तुजं घर. मार हाक."

तोवर चारुदत्त धापा टाकत पोचलेच. "अहो, कठड्याबाहेर काय! आणि इथे शांतता राखायचा नियम आहे!"

फोटो काढणारी माणसं वळून बघू लागली. हेतल अवघडली. कमळाबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा खाली पाड्याकडे पाहिलं. आपण हिला तमाशात ओढलं. आणि हिनं हाक मारलीच, तर ओ देणार कोण? पाड्यातल्या बाया आता दारं लावून टीव्ही बघतात. खालून काहीच आलं नाही, तर ही पोरगी जन्मभर काय समजेल?

हेतलनं बूट काढले. खडकावर आजींच्या शेजारी उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"आईऽऽ! मी हितं हायऽऽ!"

लॅबमधली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. डोंगरी दणाणली. टॉवरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. खाली पाड्यात काही हललं नाही. कमळाबाई डोळे ताणून बघत राहिल्या, पदराचं टोक मुठीत आवळून.

आणि मग त्यांच्याच घराच्या गच्चीवर एक बाई येऊन उभी राहिलेली दिसली. सुनीता! वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून ती पुढे आली.

"ओऽऽ गोऽऽ!"

शेजारच्या गच्चीवरून दुसरी ओ आली. मग खालच्या आळीतून. फाटकावरून परतलेल्या त्या दोघी सुनाही गच्चीत आल्या, आणि त्यांनी नुसती ओ नाही दिली, त्यांची राहिलेली हाकसुद्धा तिथूनच मारून घेतली.

कमळाबाई ढसाढसा रडल्या. लपवलं नाही.

"झालं ना तुमचं?" चारुदत्त म्हणाले. आवाज जरा खाली आला होता, पण हट्ट सुटला नव्हता. "परत येऊ नका आता."

हेतलनं शांतपणे बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि उठली.

"माहेरून परतले की येणार, काका. त्या दोघींना घेऊन."