अर्ध्या दाढीचा साक्षीदार

ज्याला आठवडाभर दुसऱ्यांची बडबड ऐकावी लागते, त्याने सुट्टीच्या दिवशी जावे कुठे? सलूनवाले काका नदीवर जात. खुर्चीत बसले की माणसाला कंठ फुटतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. गळ्याभोवती कापड बांधले रे बांधले की गिऱ्हाईक सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांची बिनपाण्याने करायला लागे, आणि काका हातात कात्री धरून "हो का", "असतात असे लोक" एवढ्यावर वेळ मारून नेत. सुट्टीच्या दिवशी मात्र ते छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून पाण्यात उभे राहत आणि लांब, लवचीक काठीने नकली माशी पाण्यावर सोडत.

ही माशी ते स्वतः बांधत. नखाएवढा गळ, त्याभोवती रेशमी दोरा, पिसाचे दोन तंतू आणि केस. केसांना त्यांच्याकडे काय तोटा? बँकेच्या मॅनेजरच्या कानांवरचे पांढरे केस नकली चिलटांसाठी उत्तम, गाण्याच्या बाईंचे कुरळे केस सुरवंटासाठी. आपण डोक्यावरून उतरवलेली संपत्ती मासे गिळताहेत हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते, आणि नव्हते तेच बरे.

आता नदीवर तरी माणसाला शांतता मिळावी. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. काका पाण्यात स्थिर झाले, मासा वर यायला लागला, की नेमके काठावर कोणीतरी उगवणार आणि विचारणार, "काय, मिळाला का?" जन्मात काठी हातात न धरलेले लोक तिथे उभे राहून अक्कल पाजळत. एक बाई आपल्या जाड्या कुत्र्याला म्हणाली, "जा, काकांना भेट," आणि कुत्रा खरोखरच पोहत भेटायला आला. एका नवपरिणीत जोडप्याने त्यांना फोटोत थोडे डावीकडे सरकायला लावले, कारण ते 'निसर्गात' छान दिसत होते. काका सरकले, एका खड्ड्यात गेले आणि गळ्यापर्यंत निसर्गात बुडाले. तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की ते त्याच्याकडे पाठ फिरवत. कोणाशी म्हणून बोलायचे नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला होता.

आणि याच खड्याने त्यांचा घात केला होता.

त्याचे असे झाले. जुन्या दगडी पुलाच्या खाली, जिथे एक वाकडे झाड पाण्यावर ओणवे झाले आहे, तिथल्या डोहात ट्राउट जातीचा एक मासा राहत असे. काका त्याला थोरला म्हणत. पिवळे पोट, अंगभर लाल-काळे ठिपके आणि जबडा असा, की जणू जगावर कायमचा रुसलेला. काकांनी त्याला अनेकदा पाहिले होते, एकदा तर गळालाही लावले होते. पण थोरला दिसे तो नेमका काका एकटे असताना, कारण बाकी सगळ्यांना काकांनीच पळवून लावलेले असे. मोबाईल ते नदीवर नेत नसत, दोन मोबाईल आधीच डोहाला अर्पण झाले होते. शिवाय धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा, असा त्या नदीवरचा नियम. मग पुरावा आणायचा कुठून? सलूनमध्ये सगळे त्यांना हसत. हसोत बापडे. काकूही हसल्या, ते मात्र काकांना लागले.

काकू म्हणजे काकांची बायको. पडद्याच्या पलीकडे बायकांची खुर्ची त्या सांभाळत, आणि त्यांना सलूनच्या माळ्यावरची खोली हवी होती. दोन मुलींना केशरचना शिकवायचे त्यांच्या मनात होते. खोलीत मात्र काकांच्या काठ्या, पिसांचे डबे आणि केसांच्या पुड्या यांनी ठाण मांडले होते. "अहो, मासा खरा असता तर मी एका शब्दाने बोलले नसते," काकू त्या वर्षी म्हणाल्या. "मी पडद्यामागे शिकवलं असतं. पण तुमच्या थापेसाठी मी माझी खोली का घालवू? त्याला डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस आणा. मासेमारीचा हंगाम संपायच्या आत आणा. नाहीतर माझा भाऊ व्हॅन घेऊन येईल आणि डबे त्याच्या गोदामात जातील."

काकांना डब्यांचे दुःख होतेच, पण 'थाप' हा शब्द रात्रंदिवस कानात घुमत राहिला. ज्या बाईबरोबर उभा जन्म एका आरशासमोर काढला, तिने आपल्याला खोटे ठरवावे? तेही काकांना, ज्यांना कामात केसभर खोट खपत नसे. एकदा एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला किंचित खाली राहिला, तर काका कात्री घेऊन बस-स्टॉपपर्यंत त्याच्यामागे धावले होते. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरच्या मिशीची एक बाजू खाली दिसली, म्हणून त्यांनी फोटो थांबवून ती नीट केली होती. काकू तो किस्सा अजून सांगत.

मासेमारीचा शेवटचा दिवस उजाडला. काका डोहावर पोहोचले. थोरला वर होता. वाकड्या झाडावरून तांबूस रंगाच्या पंखवाल्या मुंग्या टपटप पाण्यावर पडत होत्या, आणि तो एकेक टिपत होता. काकांनी डबी उघडली. काळी माशी टाकली, थोरल्याने ढुंकून पाहिले नाही. करडी टाकली, तो बाजूला झाला. तपकिरी पिसाची टाकली, तेव्हा तर तो वर आला, माशीला नाक लावले आणि नापसंतीने खाली गेला. त्याला हवा होता तांबूस, उन्हात पेटल्यासारखा दिसणारा रंग, आणि तो रंग डबीत नव्हता. आख्ख्या सलूनमध्ये तसल्या केसांचे एक डोके नव्हते.

"मिळाला का?" मागून आवाज आला.

काकांनी सवयीने पाठ फिरवली. पण हा गडी पालथ्या घड्यासारखा निघाला. सायकल झाडाला टेकवून तो काठावर आला आणि सुरू झाला. तो लिफ्टचा मेकॅनिक होता, आठवडाभर अंधाऱ्या चौकोनात एकटा लोंबकळत असे, तिथे बोलायला फक्त तारा आणि कप्प्या, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माणूस दिसला की त्याला राहवत नसे. हे सगळे त्याने एका दमात सांगितले. मग पाणी फार थंड आहे का, मासे झोपतात का, आणि काका ती दोरी आधी मागे का फेकतात, हेही विचारले.

"मागे उभे राहू नका," काका गुरगुरले. दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडते आणि मगच पुढे जाते. मागे माणूस असला तर त्याची खैर नाही.

"नाही, नाही, तुमचं चालू द्या," असे म्हणत तो नेमका मागे येऊन उभा राहिला.

काकांनी काठी उचलली. दोरी मागे गेली, ती पुढे येईना. "काका," मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "मला वाटतं, मी मिळालो."

काका वळले. माशी त्याच्या डाव्या गालावरच्या दाढीत खोल रुतून बसली होती. एवढ्या वेळात काकांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. ती घनदाट दाढी तांबूस होती. ऊन पडले की पेटत होती.

"हलू नका," म्हणत त्यांनी खिशातली कात्री काढली आणि माशी सोडवण्यापुरती बट छाटली. चार केस निसटून पाण्यावर पडले आणि प्रवाहाबरोबर झाडाखाली गेले. डोहातून एक मोठे ठिपकेदार तोंड वर आले. त्याने ते केस आत ओढले, चाखले आणि थुंकले.

"माझी दाढी खाल्ली त्याने," मेकॅनिक कुजबुजला.

"अजून द्याल?" काकांनी विचारले.

"घ्या ना, घरचीच आहे."

काकांनी डाव्या गालावर कंगवा लावला आणि सारख्या लांबीचे केस काढत सुटले. मेकॅनिकने आपल्या हत्यारांतल्या पकडीत गळ घट्ट धरला, काकांनी त्यावर दोरा गुंडाळला, केस बसवले, गाठ मारली. मेकॅनिक पूर्ण गप्प होता. एवढी गोड शांतता काकांनी त्या काठावर कधी अनुभवली नव्हती.

"आता माझ्या शेजारी उभे राहा," ते म्हणाले. "मागे नको. आणि डोळे उघडे ठेवा, पापणीसुद्धा हलवू नका."

माशी झाडाखाली अलगद उतरली. एक हात वाहिली. पाणी फुगले, फुटले, आणि काठी कमान होऊन अशी वाकली की काका दोन पावले ओढले गेले. लागला. थोरला लागला. रीळ किरकिरत सुटले, दोरी पाणी कापत पुलाकडे निघाली. काका पाण्यातून धावत सुटले, आणि मेकॅनिक बूट-पँटसकट त्यांच्यामागे उतरला. "सोडू नका काका, ओढा, नाही, ओढू नका, हळू, पळाला, नाही पळाला," असा त्याचा धबधबा सुरू झाला, आणि काकांना त्याचा काडीचाही राग आला नाही. थोरला पुलाखाली गेला, परत आला, तळाशी दगडासारखा बसून राहिला, पुन्हा उसळला. काकांचे खांदे भरून आले, तोंड कोरडे पडले, पण आनंद अंगात मावेना. शेवटी तो दमून कुशीवर वळला. मेकॅनिकने काकांची जाळी त्याच्याखाली घातली, आणि दोघे लहान मुलांसारखे ओरडले.

काकांनी माशी सोडवली, खिशातला कंगवा पाण्यातच त्याच्या अंगाशी लावला आणि पुटपुटत मोजले. मेकॅनिकने घाईघाईने मोबाईल काढला. मग काकांनी थोरल्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले. कल्ले एकसारखे हलायला लागल्यावर हात उघडले, आणि तो शेपटीचा फटकारा देऊन डोहात गेला.

"चला," काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला."

सलूनसमोर व्हॅन उभी होती. काकूंचा भाऊ पिसांचा डबा काखेत मारून जिना उतरत होता, काकू दार धरून उभ्या होत्या. काका धापा टाकत म्हणाले, "साक्षीदार आणलाय."

मग साक्षीदाराने तोंड उघडले. आठवड्याचे साचलेले बोलणे, त्यात असला प्रसंग, तो काय थांबतोय? त्याने पदरचे तिखटमीठ लावले. मासा आधी हाताएवढा होता, मग सायकलएवढा झाला. त्याने दोघांना पुलापर्यंत फरफटत नेले, मागे वळून रागाने पाहिले, बहुतेक काहीतरी म्हणालासुद्धा. "आणि मुख्य म्हणजे तो माझ्या दाढीने धरला. हा फोटो बघा." फोटोत मेकॅनिकचा स्वतःचा चेहरा होता, आनंदाने वासलेले तोंड, आणि कोपऱ्यात थोडे पाणी.

मेहुणा खो खो हसला. "भावजी, साक्षीदार तरी जरा बेताचा आणायचा. हा तर तुमचाही गुरू निघाला."

मासा खरा होता, साक्षीदार खरा होता, आणि तरीही गोष्ट थापेपेक्षा थाप वाटत होती. दमलेले, ओलेचिंब काका आत गेले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्यांना फार एकटे वाटले.

काकू हसल्या नव्हत्या. त्या मेकॅनिकसमोर येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. उजवीकडे झुडूप, डावीकडे खुंट. मधे एक वेडीवाकडी पायरी.

"हे कोणी कापलं?"

"काकांनीच. सांगितलं ना, माशीसाठी."

"अहो," काकू काकांकडे न वळता म्हणाल्या, "तुम्ही यांना असंच गावातून आणलंत?"

काकांनी पाहिले. घरापर्यंतच्या आख्ख्या वाटेवर ते त्या माणसाच्या शेजारून चालत आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, लक्षातच आलं नाही."

काकू भावाला म्हणाल्या, "डबे वर ठेव."

"ताई, काहीतरीच काय? मासा कोणी पाहिलाय?"

"मी पाहिला," काकू म्हणाल्या. "या माणसाने आमच्या लग्नाचा फोटो थांबवला होता एका मिशीसाठी. तो अशी अर्धी दाढी तशीच सोडून गावातून चालत येतो, म्हणजे त्याने काय बघितलं असेल, ते मला कळतं. ठेव डबे."

मेहुणा मुकाट्याने जिना चढला. काकूंनी मेकॅनिकला खुर्चीत बसवले, स्वतः त्याच्या गळ्याभोवती कापड बांधले आणि कात्री काकांच्या हातात दिली. काकूंनी तो हात आपल्या हातात धरून ठेवला आणि आरशातून त्यांच्याकडे पाहत विचारले, "केवढा होता हो?"

आजवर त्यांनी हे कधी विचारले नव्हते. मेकॅनिकने कापडाखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि लांब पसरले.

"तुम्ही स्वस्थ बसा," काकू म्हणाल्या. "मी यांना विचारतेय."

काकांनी खिशातून ओला कंगवा काढून आरशासमोर ठेवला. तीन वेळा ठेवला, एकाच्या पुढे एक, आणि शेवटच्या वेळी अर्ध्यावर बोट टेकवून म्हणाले, "इथपर्यंत."