मेंदूच्या फोटोची वाट

पिंपळगाव बसवंतला खताच्या दुकानाच्या माडीवर योगेश शिरसाठचं काडी तपासणी केंद्र आहे. केंद्र आपलं म्हणायचं. आत एक टेबल, एक मायक्रोस्कोप, ब्लेडचा डबा आणि तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. पण भाद्रपद लागला की मोठमोठे द्राक्षबागाईतदार ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून हा जिना मुकाट्याने चढतात. द्राक्षाच्या काडीवर पेरापेराला डोळा असतो, म्हणजे न फुटलेला कोंब. कुठल्या डोळ्यात घड दडलाय हे बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. योगेश ब्लेडने डोळ्याचा पातळ काप काढतो, भिंगाखाली धरतो आणि सांगतो, पाचव्यात आहे, पाचावर छाटा. शेतकरी तेवढे डोळे ठेवून पुढची काडी छाटतो. आकडा चुकला तर घड काडीबरोबर जमिनीवर पडतो आणि वर्षभर बागेत नुसता पाला डुलतो.

वीस वर्षांत योगेशचा आकडा चुकला नव्हता. त्याचा त्याला गर्वही होता, आणि असायलाच हवा.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात त्याला कोरोना झाला. ऑक्सिजन लागला नाही, दवाखान्यात राहावं लागलं नाही. पंधरा दिवसांत ताप उतरला आणि लोकांच्या लेखी आजार संपला. योगेशचा संपला नाही. डोक्यावर कुणी भिजलेलं गोणपाट टाकून ठेवावं तसं त्याला दिवसभर वाटे. बोलता बोलता वाक्याचं शेपूट हरवे. बायकोने, आशाने, कोथिंबीर आणायला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत येई आणि दारात विचारात पडे की आपण निघालो होतो की आलो. तासभर काम केलं की आडवं व्हावं लागे. मोटारसायकल त्याने स्वतःहूनच सोडली. कुणी म्हणालं बदाम खा, कुणी म्हणालं मनाचे खेळ आहेत, आणि त्याचा सख्खा मेव्हणा म्हणाला की दाजींना आयती विश्रांती गोड लागली. फुकटचा सल्ला द्यायला कुणाचं काय जातं!

तशाच डोक्याने त्याने त्या वर्षीचा हंगाम केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस खंडूनाना जिना चढून आले. हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, कारसुळच्या वाटेवर बाग असलेलं. बाकी सगळ्यांच्या बागा लगडलेल्या असताना नानांच्या तीन एकरात या वर्षी घडच नव्हते. अवकाळी पावसाचा मार बसला असेल असं सगळे म्हणत होते.

"बाग थकली रे योगेश," नाना खुर्चीत टेकत म्हणाले. "जुनी काढून ही लावली, तिलाबी बारा वर्सं झाली. तू पाच सांगितलं, म्या पाचावर छाटली. आपल्याकडून काय चूक नाय. आता तोडून टाकतो. येत्या शनिवारी जेसीबी येतोय."

चहा पिऊन नाना गेले. योगेशने रजिस्टर काढलं. हा त्याचा जुना शिरस्ता, आधी आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, मग गिऱ्हाईकाला चिठ्ठी लिहून फाडून द्यायची. नानांच्या नावापुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: आठ.

त्याला ते आठवलं नाही, पण काय झालं असेल ते कळलं. भिंगात आठ दिसले, आठ लिहिले, तेवढ्यात फोन वाजला असेल, आणि चिठ्ठीवर आधीच्या माणसाचे पाच उतरले. वेलींमध्ये काहीच खोट नव्हती. त्यांचे घड योगेशने जमिनीवर पाडले होते, आणि आता त्या मुळासकट जाणार होत्या.

लगेच उठून नानांकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. त्याला भीती वाटली, हेच खरं. आजारामुळे चुकलं म्हणालो तर नाना हसतील. वर्ष होत आलं, आता कसला आजार? पण नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला होता आणि गुरुवारचा नंबर मिळाला होता. डोक्यात काहीतरी डाग निघेलच. फिल्म घेऊन शुक्रवारी नानांकडे जाऊ, उजेडाला धरून दाखवू, की नाना, हा बघा, चूक याची आहे. जेसीबी शनिवारी. एक दिवस हातात राहतो. असा त्याचा हिशोब, आणि तो आशालासुद्धा सांगितला नाही.

गुरुवारी मशीनने त्याला पोटात घेतलं. आत ठकठक, घूं घूं सुरू झालं. ठोके मोजावेत म्हणून त्याने सुरुवात केली आणि अकरापुढे आकडा निसटला. त्याला वाटलं, बरंय, हे निसटणं आता फोटोत सापडेल. डोक्यात डाग निघावा म्हणून देवाची करुणा भाकणारा माणूस जगात तो एकटाच असेल.

रिपोर्ट शुक्रवारी आला नाही, म्हणून योगेशही नानांकडे गेला नाही. शनिवारी सकाळी आला. डॉक्टरीणबाईंनी फिल्म लावून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे. सगळं नॉर्मल."

आशाने डोळे मिटून हात जोडले. योगेशचं तोंड मात्र उतरलं.

"मग मला होतंय ते खोटं?"

"खोटं कोण म्हणालं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "या फोटोत गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, झटका येऊन गेला असेल तर तो दिसतो. ते नाहीये, ही आनंदाची गोष्ट आहे. तुमच्यासारखा त्रास राहिलेल्या पुष्कळ लोकांचे मेंदू याहून बारीक पद्धतींनी तपासणं चालू आहे. निरोगी लोकांशी ताडून पाहिलं की काही ठिकाणी थोडा फरक सापडतो. पण एकट्या तुमचा फोटो बघून सांगता येईल इतकं ते अजून पक्कं नाही."

"म्हणजे नाही असं नाही. दिसत नाही."

"बरोबर बोललात. दमण्याआधी थांबत जा, एका वेळी एकच काम करा. बरेच जण हळूहळू सुधारतात."

स्कूटर आशा चालवत होती. ओझर आलं. मग त्याने मागून सगळं सांगितलं, आठ, पाच, चिठ्ठी, जेसीबी. आशाने कडेला घेऊन स्कूटर थांबवली.

"आणि आठ दिवस तुम्ही तोंडाला कुलूप घातलंत?"

तिला त्याचा इतका राग आला होता की रडूही येत होतं. पण बोलत बसायला वेळ नव्हता. नानांचा फोन लागेना, तेव्हा तिने स्कूटर सरळ त्यांच्या मळ्याकडे घेतली.

जेसीबीचा आवाज बांधावरूनच ऐकू आला. वेलींच्या आधाराच्या तारा सोडवलेल्या होत्या. अकरा ओळी उपटून एका बाजूला लोटल्या होत्या आणि मशीनचं फावडं बाराव्या ओळीकडे वळत होतं. योगेश ढेकळांतून धडपडत पुढे गेला आणि हात आडवे करून ओरडला. ड्रायव्हरने मशीन थांबवलं. नाना लिंबाखालून उठून आले.

फिल्मचा लिफाफा स्कूटरलाच राहिला होता. योगेशने जसं होतं तसं सांगितलं. आठ होता, मी पाच लिहिला. बाग चांगली आहे नाना, तोडू नका.

नानांनी आधी उभ्या ओळींकडे पाहिलं, मग आडव्या ओळींकडे.

"कवा कळलं तुला?"

"तुम्ही चहाला आलात त्या दिवशी."

"मंग आठ दिवस?"

"डोक्याच्या फोटोची वाट बघत होतो. त्यात काही निघालं असतं तर तुम्हाला दाखवलं असतं. तुमचा विश्वास बसला असता."

"निघालं काय?"

"नाही. सगळं नॉर्मल आहे."

नाना उपटलेल्या एका खोडावर बसले. खोड आतून ओलं होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

"वीस वर्सं तू त्या भिंगात बघून सांगतोय आन् म्या छाटतोय," ते म्हणाले. "कवा म्हणलो का रं, मला दाखीव म्हणून?"