लांब जाऊन येतो

झेरॉक्स चुकली की आम्ही कागद फेकत नाही. पाठ कोरी असते, कधीतरी कामाला येते, म्हणून कोपऱ्यात ठेवतो. आमच्या दुकानातले किस्से तसेच साठलेत. दादा होता तेव्हा त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. आता तो नाही, तर जो येतो तो त्यातला एक काढून दाखवतो. मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही, नीट मांडणं मला जमत नाही. आठवतील तसे सांगतो.

दुकान मुरबाडला, एसटी स्टँडच्या मागे. ऑनलाइन फॉर्म, दाखले, लॅमिनेशन. कॉम्प्युटरवर दादा, झेरॉक्स मशिनवर मी. घर शेणव्याजवळ. रोज दोघे एकाच बाइकवरून येणार, जाणार. आई मात्र दुकानात कधी आली नाही. म्हणायची, "तुमच्या त्या टीवीसमोर मला गरगरतं."

* * *

दादाचे डोळे सकाळी पांढरे, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी जास्वंद! एकदा बसला की उठायचं नाव नाही. चहासुद्धा स्क्रीनकडे बघतच प्यायचा. एकदा तर कपाऐवजी डिंकाची बाटली तोंडाला लावली होती.

एका काकांच्या फॉर्मवर त्याने त्यांच्या बायकोचा फोटो चढवला. काका प्रिंट हातात घेऊन बघतच राहिले. दादा ओशाळला. "चुकलं काका. डोळ्यांपुढे सगळं पुसट दिसतंय."

काका म्हणाले, "चुकलं कुठं? घरात तीच मालक हाय. आता सरकारला पण समजलं!"

दुकान हसलं. दादा हसला नाही. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला, "चल, कल्याणला डोळे दाखवू."

* * *

डॉक्टरांनी विचारलं, "काम करताना पापण्या मिटता का?"

दादा म्हणाला, "काम करताना झोपत नाय साहेब."

डॉक्टर हसले. म्हणाले, स्क्रीनकडे टक लावून बघताना माणूस पापणी मिटायचं विसरतो, डोळा कोरडा पडतो. दर वीस मिनिटांनी उठायचं, थोडा वेळ लांब कुठेतरी बघायचं. झाड, डोंगर, काहीही.

"आणि औषध?"

"हेच औषध."

परतीच्या एसटीत दादा खिडकीपाशी बसला. मग एकदम म्हणाला, "बाळ्या, धक्के खात कल्याणला आलो, आणि डॉक्टर म्हणतो डोंगर बघ. अरे, डोंगर तर तिकडंच ठेवून आलो होतो!"

* * *

मग सुरू झालं. मध्येच खुर्ची मागे सरकवायचा आणि लाइनीला सांगायचा, "लांब जाऊन येतो."

आता आमच्याकडे जुनी माणसं लोटा घेऊन निघाली की हेच सांगतात. दादा जायचा फक्त दुकानाच्या पायरीपर्यंत. सह्याद्रीची रांग बघायचा आणि परत यायचा. पण आत बाकावर बसलेल्याला काय कळणार?

ठमाआजी पेन्शनच्या कामाला यायची. डोंगराकडच्या पाड्यावरची बाई. तिने दोन-तीन दिवस हे बघितलं. मग एके दिवशी पदराची गाठ सोडून कुड्याच्या सालीचा तुकडा टेबलावर ठेवला.

"उगाळून पी. सारखा सारखा जातोस रे बाबा, आतडी राहतील का?"

* * *

पण कामात बुडाला की दादा विसरायचा. मोबाइलचा अलार्म लावला, तर न बघता बोटानेच बंद करायचा. शेवटी मी मशिनवरून ओरडायला लागलो. मग मला मित्राच्या लग्नाला जायचं होतं. दादाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "रोज ओरडतोस तसा ओरड."

मी ओरडलो, "दादा, ऊठ! ऊठ ना रे! किती वेळ झाला! लांब बघ जरा!"

त्याने तोच अलार्म केला. लग्नाहून परत आलो त्या दिवशी मी मशिनपाशी वडापाव खात होतो. तोंड भरलेलं. आणि टेबलावरून माझाच आवाज, "दादा, ऊठ!" ठमाआजी एकदा माझ्या तोंडाकडे बघते, एकदा टेबलाकडे.

"ह्याचं तोंड तर बंद हाय गो बाय! मग बोलतंय कोण?"

* * *

लाइनीतली माणसं कुरकुर करायची. म्हणून दादाने नियमच केला. मोबाइल ओरडला की सगळ्यांनी पायरीवर यायचं आणि डोंगर बघायचा.

"आमचे डोळे चांगले हायेत," एक जण म्हणाला.

"मग मला सोबत करा," दादा म्हणाला.

हळूहळू सवयच लागली. एका पोराने डोंगर बघायचा तर मोबाइल काढून फोटो घेतला, आणि फोटोच बघत बसला. दादा म्हणाला, "जेवायला बसल्यावर पण फोटोच चाटतोस काय रे?"

ठमाआजी मात्र पायरीवर सगळ्यात जास्त वेळ उभी राहायची. एकदा बोट करून म्हणाली, "ती खिंड दिसते ना, तिच्या पायथ्याला माझं म्हायेर. तुझ्या दुकानात आले म्हणून दिसलं."

* * *

हा किस्सा नाही, पण सांगायला पाहिजे. एका फॉर्मची शेवटची तारीख होती. मी मशिनचा पार्ट आणायला कल्याणला गेलो होतो. साइट मधेच चालायची, मधेच बंद. लाइन रस्त्यापर्यंत. मोबाइल ओरडला की दादा बोटाने बंद करायचा. ठमाआजी म्हणाली, "जा रे, लांब जाऊन ये." तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आजी, डोंगर कुठं पळतोय?"

दिवेलागणीला एकटाच बाइकवरून निघाला. वाटेत विटांनी भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही.

डोळ्यांमुळे झालं की दिव्यामुळे, मला माहीत नाही. दिवा नव्हता, हे सगळेच म्हणतात. पण दिवसभरात एकदा तरी तो पायरीवर गेला असता, तर? हे मी कुणाला विचारू? डोंगर तर अजून तिथंच आहे.

* * *

आता खुर्चीत मी बसतो. एका बोटाने टाइप करतो. मोबाइल ओरडला की उठतो. परवा एक जण म्हणाला, "थांब, माझं होऊ दे, मग जा." माझं डोकंच फिरलं. मी जाऊन मेन स्विच पाडला.

"घ्या! झालं सगळ्यांचं!"

सगळी लाइन मुकाट्याने पायरीवर आली. आत येऊन बघतो, तर त्याचा भरलेला फॉर्म गेलेला. परत पहिल्यापासून भरून दिला. त्याने मोजून पैसे ठेवले आणि निघाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

* * *

दादाला घरी आणलं त्या दुपारची गोष्ट. अंगणात ठेवला होता. आई उशाशी. दुकानाच्या लाइनीतली सगळी माणसं आली होती, ठमाआजीपण. दादाचे कपडे आणि मोबाइल एका पिशवीत घालून दिले होते, ती पिशवी दाराच्या खिळ्याला टांगलेली. मी तुळशीपाशी उभा. सकाळपासून माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता.

रडणं जरा थांबलं होतं. कुणीतरी पाण्याची घागर आणायला आत गेलं. आणि पिशवीतून माझा आवाज आला.

"दादा, ऊठ! ऊठ ना रे! किती वेळ झाला! लांब बघ जरा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बंद.

मग ठमाआजीने डोंगराकडे तोंड फिरवलं. तिच्यामागे ते फोटोवाले काका. मग एकेक करून अख्खं अंगण तिकडे बघत उभं राहिलं.

आईने दादावरून मान वर केली. एकदा लोकांकडे बघितलं, एकदा डोंगराकडे.

"काय बघताय रे तिकडं? कोण येतंय?"